पहिलं काडतूस हलकं

शेडग्यांना कुणी 'सुभेदार' म्हटलं की ते चालता चालता थांबत, मागं वळत आणि म्हणत, "हवालदार. सरकारनं जेवढं दिलं तेवढंच लावावं." श्रीवर्धनच्या बाजारात हा प्रसंग मी निदान वीस वेळा पाहिला असेल. आपल्याकडे सैन्यातून परत आलेल्या माणसाला गाव आपणहून बढती देतं. शिपाई घरी येतो तो हवालदार होऊन आणि हवालदार येतो तो सुभेदार होऊन. आजवर कुणी त्याला हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. शेडगे घेत. मासळीवाली "घ्या सुभेदार, बांगडा ताजा हाय" म्हणाली तरी आधी हुद्दा दुरुस्त होई, मगच बांगड्याचे डोळे तपासले जात.

महाडच्या आतल्या बाजूला भातशेती करणाऱ्या घरातला हा माणूस. निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेरी, श्रीवर्धनला येऊन राहिला. अंगानं किरकोळ, उंचीनं बेताचा. भरतीच्या वेळी मापाच्या पट्टीशी यांनी टाचा उचलल्या असणार, असं त्यांच्या बायकोचं ठाम मत होतं. उजवा कान गोळीबारानं जवळजवळ गेलेला. बहिरी माणसं सहसा मोठ्यानं बोलतात, हे मात्र इतकं हळू बोलत की ऐकणाऱ्यालाच पुढं वाकावं लागे. त्यांच्याकडे नेमबाजी शिकणाऱ्या पोरी त्यांच्याभोवती सतत वाकलेल्या दिसत.

माझा आणि बंदुकीचा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते आणि दिवाळीत लवंगी वाजली तरी माझ्या हातातला चहा सांडतो. पण आमच्या चार मुलींनी रायफल क्लबात नाव घातलं, मुलींबरोबर एक बाई हवी असं ठरलं आणि प्राचार्यांनी हा मान माझ्या गळ्यात घातला. रविवारची सकाळ गेली म्हणून मी आठवडाभर घरात भांडी आपटत होते.

क्लब म्हणजे गावाबाहेरची चिऱ्याची बंद पडलेली खाण. तांबड्या दगडाच्या उभ्या कापलेल्या भिंती, एका अंगाला उतरायला पायऱ्या, समोरच्या टोकाला मातीचा उंच बंधारा आणि त्याच्यापुढं टार्गेटं. अलीकडे पत्र्याची शेड. शिकवायला शेडगे हवालदार. शेडमधल्या कपाटात क्लबच्या दोन मुख्य रायफली. एक लहान काडतुसाची, तिला सगळे 'धाकटी' म्हणत. दुसरी मोठ्या काडतुसाची, लांब पल्ल्याची, ती 'थोरली'. धाकटी टिचकी मारल्यासारखी वाजे. थोरली वाजली की शेडचा पत्रा थरथरे आणि मी कानात बोटं घालून देवाचं नाव घेई.

पहिल्या दिवशी आमच्या मुलींना वाटलं होतं, आज गोळी मारायला मिळणार. हवालदारांनी खिशातून अडकित्ता काढला. श्रीवर्धनी रोठा सुपारी बरोबर मधोमध कापली आणि तिचं अर्धं खांड, सपाट बाजू खाली करून, रिकाम्या धाकटीच्या नळीवर ठेवलं.

"चाप ओढ. खांड पडता कामा नये."

पडलं. चौघींचंही पडलं. पडलेलं खांड ते भिंतीवरच्या कावळ्यांकडे भिरकावत आणि न पडलेलं स्वतः तोंडात टाकत. हा त्यांचा नियम होता. "पोरी नीट शिकल्या तर माझा विडा, न्हाय शिकल्या तर कावळ्याचा," असं ते सांगत. पहिले दोन महिने हेच. दारूचा वास नाही, आवाज नाही, नुसती सुपारी. कावळे माजले. मला आपलं हे आवडलं. मी शेडमध्ये बसून निबंध तपासू लागले.

चौघींत सगळ्यात लहानखुरी नाझनीन. अकरावीतली, दिघीच्या रस्त्यावरच्या एका गावातून एसटीनं येणारी. वडील आखाती देशात, घरी आई आणि ती. या मुलीनं पहिल्याच दिवशी थोरलीकडे बोट करून विचारलं होतं, "सर, ही कधी?"

"तुला हीच का पायजे?"

"हिचा नेम लांब जातो."

हवालदारांना ते उत्तर पसंत पडलेलं दिसलं. दोन महिने त्यांचा गाल रिकामा राहिला नाही, तो मुख्यतः या मुलीमुळं. मग तिनं धाकटीवर वर्ष काढलं आणि बारावीत गेल्यावर पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्या वेळी तिनं आणखी एक विचारलं, जे बाकी कुणी कधी विचारत नसे. "सर, खांद्याला लागेल का?"

"लागेल," हवालदार म्हणाले. "पण किती लागावं ते आपण ठरवायचं."

इथं क्लबची एक रीत सांगायला हवी. थोरलीवर नवा माणूस आला की त्याची 'सलामी' होई. पहिलीच गोळी पुऱ्या भाराच्या काडतुसाची. दस्ता खांद्यात कसा रुतवायचा हे मुद्दाम धड सांगायचं नाही. सगळे सभासद मागं उभे. धडाका झाला, नवा माणूस कळवळून मागं सरकला की हशा, मग नारळ फोडायचा आणि खोबरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी त्यानं खांदा उघडा करून निळा डाग दाखवायचा. निळं पडलं की नेमबाज झाला. ही रीत कुणी सुरू केली ते कुणालाच माहीत नव्हतं, पण तिचा अभिमान सगळ्यांना होता. क्लबचे अध्यक्ष अण्णासाहेब तर सलामीच्या दिवशी ठेवणीतला सदरा घालून येत. अण्णासाहेब म्हणजे मोठे बागायतदार, सहा फूट उंच, मिशा पिळदार, आवाज खाणीच्या या भिंतीवरून त्या भिंतीवर जाणारा. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना आयुष्यात 'नको' हा शब्द फारसा ऐकावा लागला नव्हता.

नाझनीनच्या सलामीच्या दिवशी ते नारळ घेऊन उभे होते. हवालदारांनी कपाटातून एक वेगळा डबा काढला. त्यात थोरलीचीच काडतुसं होती, पण हलकी. आत दारू कमी, गोळीही हलकी, त्यामुळं खांद्याला बसणारा धक्का जवळजवळ निम्मा. लांबच्या पल्ल्याला ती चालत नाहीत, नेमही थोडा खाली लागतो, म्हणून माशी, म्हणजे नळीवरची नेमाची खूण, नव्यानं लावावी लागते. पण शिकणाऱ्याला, दुबळ्या खांद्याच्याला, दुखण्यातून उठलेल्याला ती कामाची. बाहेर देशातून मागवावी लागत आणि परवान्यावर वर्षाला मोजकीच मिळत. हवालदारांनी त्यासाठी अर्जांवर अर्ज केले होते. त्यातले दोन मीच शुद्ध मराठीत लिहून दिले होते, त्यामुळं माझाही त्या डब्यात थोडा जीव होता.

"हे काय?" अण्णासाहेब म्हणाले.

"पयलं काडतूस हलकं."

"बाळगुटी देताय होय?"

मागं सगळे हसले. त्या दिवसापासून त्या काडतुसांचं नावच बाळगुटी पडलं. हवालदार वळले आणि हळूच म्हणाले, "लहानपणी बाळगुटी ज्यानं घेतली न्हाय त्यानं हात वर करा." ऐकू न आल्यामुळं सगळ्यांना पुढं वाकावं लागलं आणि कळल्यावर कुणाचा हात वर गेला नाही.

नाझनीननं पाच गोळ्या मारल्या. कळवळणं नाही, हशा नाही. अण्णासाहेब हातात नारळ धरून तसेच उभे. त्या नारळाचं काय करावं ते त्यांना कळेना. हवालदारांनी तो त्यांच्या हातातून अलगद काढून पिशवीत टाकला. पुढच्या रविवारी त्याच्या वड्या करून आणल्या आणि सगळ्यांना एकेक दिली. अण्णासाहेबांना दोन दिल्या. त्यांनी खाल्ल्या, पण त्यांचा राग काही गेला नाही.

राग बाहेर पडायला महिना लागला. एका रविवारी अण्णासाहेब शेडमध्ये म्हणाले, "हवालदार, हलक्यावर शिकलेली पोर भारीला डोळे मिटणार. आम्ही पुरुषासारखे शिकलो. आमची पापणी लवत नाही."

"बघू या का?"

अण्णासाहेब थोरली घेऊन चटईवर आडवे झाले. ठरलं असं की पाच गोळ्या, प्रत्येक काडतूस हवालदारांनी स्वतः भरायचं आणि अण्णांनी फक्त समोर बघायचं. दोन गोळ्या झाल्या. तिसऱ्या वेळी हवालदारांनी खिशातून काढून भरलं ते खोटं काडतूस, सरावाचं, आत दारूच नसलेलं. अण्णासाहेबांनी चाप ओढला. नुसतं टक् झालं. आणि आवाज नसल्यामुळं आम्हाला सगळं नीट दिसलं. अण्णांचे डोळे गच्च मिटले, खांदा पुढं झेपावला आणि नळीनं वीतभर खाली बुचकळी मारली.

मागून कुणाला तरी हसू फुटलं. हवालदारांनी बोट उगारून त्याला थांबवलं.

"हसायचं न्हाय. मी बी अशीच बुचकळी मारायचो." मग ते अण्णासाहेबांच्या शेजारी उकिडवे बसले. "अण्णा, तीस वरसं तुम्ही नेम धरताय आणि शेवटाला डोळं मिटताय. चूक तुमची न्हाय. तुमच्या सलामीला ज्यानं नारळ फोडला त्याची हाय."

हे त्यांनी समजुतीनं सांगितलं, पण समजूत काढायलाही जागा पाहावी लागते. चाळीस माणसांसमोर अध्यक्षांची पापणी दाखवून दिल्यावर जे व्हायचं तेच झालं. पुढच्या बैठकीत कमिटीनं ठराव केला. अलिबागला जिल्ह्याची निवड आहे, तिथं नाझनीननं थोरलीवर पुऱ्या भाराची काडतुसं मारावीत. निवड झाली तर ठीक. न झाल्यास हलकी काडतुसं बंद, प्रत्येक नव्या सभासदाच्या नावानं सलामी पुन्हा चालू. आणि ज्याच्या नावानं सलामी झाली नाही, मग मुलगा असो की मुलगी, त्याला थोरलीवर घ्यायचं नाही.

मी त्या बैठकीत चिडून बोलले. सतरा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर सगळ्या क्लबाचा हट्ट ठेवताय, असं म्हणाले. मला सांगण्यात आलं की बाईंनी निबंध तपासावेत.

हवालदार मात्र शांत होते. ते तिला आधीच चढवत होते. दहा काडतुसांत नऊ हलकी, एक भारी. भारी कुठलं ते सांगायचं नाही. गोळी गेल्यावर विचारायचं, "कळलं?" ती म्हणे, "कळलं." "पापणी लवली?" "नाही." मग पुढच्या आठवड्यात दोन भारी, मग चार. गोळी खाली-वर लागे, त्याची पर्वा करायची नाही, या दिवसांत फक्त पापणी बघायची. एकदा चुकून तिची लवली तर त्यांनी भारी काडतुसं बाजूला ठेवली आणि पुन्हा सुपारी काढली. निवड तीन आठवड्यांवर आलेली. मी म्हटलं, "हवालदार, आता मागं कशाला जाताय?"

"म्याडम, जिना चढताना पाय घसरला तर एक पायरी खाली उतरून उभं ऱ्हावं. तिथंच लटकून ऱ्हाणारा पडतो."

निवडीला आम्ही दिघीहून फेरीनं निघालो. जंगल जेटीत, म्हणजे गाड्या वाहणाऱ्या त्या फेरीबोटीत, गाडी घालून आम्ही वर कठड्याशी उभे होतो. नाझनीन आणि तिची आई गाडीतच डबा उघडून बसल्या होत्या. आगरदांडा समोर दिसत होतं. हवालदार कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होते आणि न विचारता बोलायला लागले.

"माझी वनिता अशीच व्हती. हिच्याहून बारीक."

वनिता त्यांची एकुलती मुलगी. पनवेलला नर्स आहे एवढंच मला माहीत होतं.

"धाकटीवर तिच्यासारखा हात मी बगितला न्हाय. चौदाची व्हती, श्रीवर्धनला आजोळी ऱ्हायची. मी सुट्टीवर आलेलो. क्लबात सगळे म्हनाले, फौजीची पोर, तिची सलामी झालीच पायजे. मी म्हनालो, करा. मीच भरलं काडतूस. माझ्या हातानं. मागं फेकली गेली पोर. भुवई फुटली, रक्त आलं. आणि म्याडम, सगळे हसले तवा मी बी हसलो. सगळ्यांत आधी हसलो. फौजीची पोर रडली असं व्हायला नको म्हणून."

"मग?"

"मग काय. उठली, बंदूक नीट ठेवली, घरी गेली. परत कदी हात लावला न्हाय. माझ्याशी बोलते, औषधं पाठवते, सगळं करते. पण त्या दिवसाचं एक अक्षर बोलत न्हाय. मी बी न्हाय. वीस वरसं झाली."

आजवर मला वाटत होतं की या माणसाचा हट्ट मुलींसाठी आहे, तत्त्वासाठी आहे. तो एका मुलीसाठी होता आणि ती तिथं नव्हती.

अलिबागला जागा दोन होत्या. नाझनीन तिसरी आली. पुऱ्या भाराच्या साऱ्या गोळ्या तिनं डोळे उघडे ठेवून मारल्या. एकही गोळी वाया गेली नाही. पण बाकी दोघी तिच्याहून चांगल्या होत्या, एवढाच त्याचा अर्थ. ती रडली नाही. हवालदारांना म्हणाली, "सर, माझ्यामुळं डबा बंद होणार."

"तुझ्यामुळं न्हाय. तिसरी आलीस, तिसरी. कमी न्हाय, जास्त न्हाय. जेवढं मिळालं तेवढं लावावं."

सोमवारी डबा शेडमधल्या अण्णासाहेबांच्या कपाटात गेला आणि त्याला कुलूप लागलं.

मला वाटलं, आता हे घरी बसणार. पुढच्या रविवारी हवालदार नेहमीच्या वेळेला पायऱ्या उतरून आले, अडकित्ता काढला आणि सुपारी कापायला बसले. कुणीतरी म्हणालं, बंद झालं ना तुमचं? "दारू बंद झाली. सुपारी बंद करायचा ठराव कुठं हाय?"

खरी गंमत त्याच्या पुढच्या महिन्यात झाली. कॉलेजचीच एक नवी मुलगी थोरलीवर यायची होती. अण्णासाहेब सदरा घालून नारळासह हजर. पुऱ्या भाराचं काडतूस भरलं गेलं. हवालदारांनी त्या मुलीला बाजूला उभं केलं आणि स्वतः चटईवर आडवे झाले.

"हे काय?" अण्णासाहेब म्हणाले.

"नव्या सभासदाच्या नावानं सलामी व्हायला पायजे, असं ठरावात हाय. ती कुणाच्या खांद्यानं व्हावी हे लिवलेलं न्हाय. म्याडम, लिवलंय का?"

ठराव माझ्याच अक्षरात होता. मराठीच्या बाईला एवढं तरी काम द्यावं म्हणून त्यांनी मला तो लिहायला लावला होता. मी मोठ्या आनंदानं सांगितलं की नाही, लिहिलेलं नाही.

धडाका झाला. अण्णासाहेबांना नारळ फोडावा लागला. त्या वर्षात सहा नवी माणसं आली आणि सहाही सलाम्या साठी ओलांडलेल्या या माणसानं आपल्या खांद्यावर घेतल्या. प्रत्येक वेळी उठल्यावर नव्या सभासदाला सांगत, "तुझ्या वाटणीचा धक्का झाला. आता आपण निवांत शिकू." त्यांची बायको मला बाजारात भेटली तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाली, "ह्या वयात खांदं शेकत बसलेत. सांगा की जरा." मी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर सलामीच्या रविवारी निबंधांचं बाड मी घरीच ठेवून जाऊ लागले होते.

मग हवालदारांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. त्याचा सलाम्यांशी काही संबंध नव्हता, ते दुखणं जुनंच होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. छाती उघडून शिवलेली. बंदूक बंद, वजन बंद, सुपारी बंद. वनिता त्यांना पनवेलला घेऊन गेली.

ते नसताना सातवा सभासद आला. सोळा वर्षांचा, हडकुळा, भेदरलेला मुलगा. अण्णासाहेब नारळ घेऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांचा सदरा साधाच होता, हे माझ्या लक्षात आलं. मुलगा चटईकडे निघाला. तेवढ्यात नाझनीन पुढं झाली. तिनं ओढणी कमरेला खोचली, त्याला बाजूला केलं आणि आडवी झाली.

"तू कशाला?" अण्णासाहेब म्हणाले.

"सर नाहीत म्हणून."

तिच्यामागं दुसरी मुलगी येऊन उभी राहिली. तिच्यामागं तिसरी. मग गेल्या वर्षीच्या त्या सहांतले दोन मोठे बाप्येही येऊन उभे राहिले. रांग लागली होती, रेशनच्या दुकानापुढं लागते तशी. अण्णासाहेबांनी त्या रांगेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग त्यांनी नारळ माझ्या हातात दिला, खिशातून किल्ली काढली आणि शेडकडे गेले. येताना त्यांच्या हातात डबा होता.

"त्या पोराला द्या," ते म्हणाले. "पहिलं हलकं." आवाज त्या भिंतीपर्यंत गेला नाही. आम्हाला वाकावं लागलं.

हवालदारांना मी शेवटचं पाहिलं ते यानंतर चार महिन्यांनी. वनिता त्यांना आठ दिवस श्रीवर्धनला घेऊन आली होती. रविवारी सकाळी तिच्या हाताला धरून ते एकेक पायरी मोजत खाणीत उतरले. अंगानं अर्धे झाले होते. वनिताला मी पहिल्यांदाच पाहत होते. पस्तिशीची, बापासारखीच बारीक. डाव्या भुवईत एक पांढरी रेघ. ती पायऱ्यांच्या तळाशीच थांबली. पुढं आली नाही.

अण्णासाहेब उठून सामोरे गेले. "या सुभेदार."

"हवालदार."

सगळे हसले. अण्णासाहेबांनी थोरली त्यांच्यापुढं धरली. डॉक्टरांनी आता एखादी गोळी मारायला परवानगी दिली होती, पण सांभाळून. कोणतं काडतूस, हे विचारायचं धाडस कुणी करेना. नाझनीननं डबा उघडून पुढं केला. "सर, चार उरलीत."

हवालदारांनी बिनदिक्कत हलकं काडतूस उचललं. ज्याला बाळगुटी म्हणून लोक हसले होते तेच, सगळ्यांना दिसेल असं दोन बोटांत धरलं आणि आडवे झाले. एक गोळी मारली. नाझनीननं हात दिला तसे उठून बसले. श्वास लागला होता. मग त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं.

"वनू. तीन हायत."

वनिता हलली नाही. मला वाटलं, ती आता वळून वर निघून जाईल आणि त्यात तिचं काही चुकलंही नसतं. तिनं हातातली औषधांची पिशवी खाली ठेवली आणि चालत आली. पाहुण्यांच्या वहीत सही केली. चटईवर आडवी झाली. वीस वर्षांनी हात लावत होती, पण दस्ता खांद्यात कुठं बसतो ते तिच्या खांद्याला आठवत होतं.

हवालदारांनी थोरली रिकामी आहे ना ते पाहिलं. डॉक्टरांनी सुपारी बंद केली होती, पण खिशात अडकित्ता होताच. त्यांनी रोठा कापला. या वेळी काप वाकडा पडला. खांड नळीवर ठेवलं.

टक्. खांड जागचं हललं नाही.

त्यांनी ते उचललं आणि नर्स लेकीदेखत तोंडात टाकलं. मग त्यांनी हलकं काडतूस स्वतःच्या हातानं भरलं, अगदी सावकाश, तिला दिसेल असं. आणि तिच्या मागं नाही, तिच्या चेहऱ्याच्या बाजूला, उकिडवे बसले.

धडाका झाला. वनिताचे डोळे उघडे होते. तिनं हात खांद्यावर नेला, तिथं दाबून पाहिलं आणि बापाकडे मान वळवली.

"बाबा, एवढंच?"

हवालदारांच्या तोंडात सुपारी होती. ती त्यांनी गालात सारली.

"एवढंच, बाय," ते म्हणाले. "त्या दिशी बी एवढंच द्यायचं व्हतं."

वनितानं मान परत समोरच्या बंधाऱ्याकडे वळवली. मग डोळे न पुसता तिनं हात त्यांच्यापुढं केला आणि हवालदारांनी दुसरं काडतूस तिच्या तळहातावर ठेवलं.